अक्षर, खूण आणि मांडणी : उपयोजित कलेच्या वर्गात काय शिकवितात?

जालना औद्योगिक वसाहतीलगतच्या एका प्राथमिक शाळेची भेट आटोपून मी चौथीच्या दोन विद्यार्थ्यांसह रस्त्यापर्यंत चालत आलो. समोर लोखंडी सळया तयार करणाऱ्या एका कारखान्याचे फाटक होते व त्यावर मोठा फलक लावलेला होता. वाचन कसे आहे हे पाहावे म्हणून मी एका मुलास तो वाचावयास सांगितले. मुलगा हुशार. "अनधिकृत प्रवेश निषिद्ध, सुरक्षा उपकरणांविना कार्यस्थळी वावरणे दंडनीय आहे," हे सारे त्याने न अडखळता वाचून दाखविले. याचा अर्थ काय, असे विचारताच मात्र तो गप्प झाला. दुसऱ्या मुलाचे वडील बिहारमधून येथे कामास आलेले आहेत आणि त्याला मराठी जोडाक्षरे अजून नीट येत नाहीत. तो फाटकाच्या खांबावरील पिवळ्या त्रिकोणाकडे व त्यातील विजेच्या नागमोडी बाणाकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, तिथं हात लावायचा नाही. करंट आहे."

फलकाने सांगितले नाही ते खुणेने सांगितले. फलक लिहिणाऱ्याने भाषेचा विचार केला होता, वाचणाऱ्याचा केला नव्हता. वाचणारा कोण, तो किती अंतरावरून पाहणार, त्याच्या हाताशी वेळ किती आणि पाहिल्यावर त्याने काय करावे, एवढ्या गोष्टींचा आधी विचार करून मग अक्षर, चित्र, रंग व मोकळी जागा यांची योजना करणे, या विद्येस उपयोजित कला म्हणतात. अलीकडे तिला ग्राफिक डिझाइन असेही नाव रूढ झाले आहे. आपल्या शाळांतून गेलेली काही मुले आता हा अभ्यासक्रम घेऊ लागली आहेत आणि पालक गुरुजींना विचारतात, "पोरगी चित्रं काढायला कॉलेजात चालली म्हणते, हे काय शिक्षण आहे का?" या प्रश्नास उत्तर देता यावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कला विद्यालयाची स्थापना १८५७ साली झाली. त्या विद्यालयात १९३५ साली व्यापारी कलेचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६१ साली त्यातूनच उपयोजित कलेची वेगळी संस्था उभी राहिली. व्यापारी हा शब्द जाऊन उपयोजित हा शब्द आला हे योग्यच झाले, कारण या कलेचा उपयोग साबणाच्या जाहिरातीपुरता नाही. पाठ्यपुस्तकाचे पान, मतपत्रिकेवरील चिन्ह, औषधाची बाटली, रस्त्यावरील वळणाची पाटी ही सारी तिचीच कामे होत.

आमच्याच तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकलेली एक विद्यार्थिनी सध्या उपयोजित कलेच्या पदवी वर्गात आहे. तिचे वडील वसाहतीतील एका कारखान्यात भंगार निवडण्याच्या कामावर आहेत. सुटीत घरी आली असता तिने आपल्या कामाची मोठी फाईल मला दाखविली. शिक्षकाने शिष्येकडून शिकावे असा तो एक दुपारचा वर्गच झाला. त्या फाईलीतील पाठ मला जसे समजले तसे पुढे मांडीत आहे.

पहिल्या काही पृष्ठांवर चित्र म्हणावे असे काहीच नव्हते. पांढऱ्या चौकोनात एक काळा ठिपका, कधी मध्यभागी, कधी कोपऱ्यात. मग दोन ठिपके, एक लहान एक मोठा. मग जवळजवळ आणि दूरदूर ओढलेल्या रेषा. मी विचारले, "यात काय शिकलीस?" ती म्हणाली, "सर, ठिपका कोपऱ्यात गेला की वाटतं तो आता कागदाबाहेर पडणार. मध्ये ठेवला की तो बसून राहतो." पाहणाऱ्याची नजर कागदावर कोठून शिरते आणि कोठे थांबते, याचा हा पहिला पाठ. आपण मुलांस चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र देतो, म्हणजे दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी आणि नारळाचे झाड. जालना जिल्ह्यातील मुलाने नारळाचे झाड कोठे पाहिले, हा प्रश्न मी अनेक शाळांत विचारला आहे. त्यापेक्षा कापसाच्या पाच सरक्या कागदावर पाच तऱ्हांनी मांडून त्यातील कोणती मांडणी डोळ्यास स्थिर वाटते हे पाहणे, यात अधिक शिक्षण आहे.

फाईलीतील अक्षराचा पाठ सर्वांत मोठा होता आणि आपणा शिक्षकांच्या दृष्टीनेही तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. देवनागरी अक्षराचे घटक ती वेगळे करून शिकली होती. वर शिरोरेषा, तिच्याखाली अक्षराचा देह, शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी व रफार यांची जागा, खाली उकाराची जागा. म्हणजे आपली एक ओळ वस्तुतः तीन मजल्यांची असते. रोमन अक्षरांच्या सवयीने दोन ओळींतील अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. गावोगावच्या नामफलकांवर हा अपघात रोज दिसतो. मग अक्षरांचे गट. प, म, न, त यांचा दंड शेवटी येतो. क आणि फ यांचा मध्ये येतो. ट, ड, द, ह यांना पूर्ण दंडच नाही. जोडाक्षर करताना शेवटचा दंड गाळला की प चा अर्धा प होतो. मध्यदंडाच्या अक्षरांची केवळ उजवी शेपटी आखडते. दंड नसलेल्यांना मात्र पाय मोडावा लागतो किंवा एकाखाली एक बसवावे लागते. पहिलीच्या शिक्षकाने हा एवढा भेद ध्यानात घेतला तर जोडाक्षरे शिकविण्याचे त्याचे अर्धे कष्ट वाचतील. आम्हांला अध्यापक विद्यालयात सुलेखन होते, पण हा विचार कोणी सांगितला नव्हता. वळण गिरवा, एवढेच सांगितले होते.

या अक्षरविचारामागे महाराष्ट्रातील पुष्कळ मंडळींचे श्रम आहेत. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील शिशाच्या खिळ्यांचे वळण देवनागरी छपाईचा आदर्श मानले गेले. पुढे शासकीय मुद्रणालयाचे बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. संगणकाचे युग आल्यावर र. कृ. जोशी यांनी पडद्यावर दिसणाऱ्या देवनागरी अक्षरांची आखणी केली. आपल्या कार्यालयातील संगणकात जो 'मंगल' नावाचा टंक असतो तो त्यांचाच. ते कवी होते, जाहिरात क्षेत्रात त्यांनी काम केले आणि पवईच्या आयआयटीत शिकविले. २००८ साली ते वारले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नावे आपल्या हाताने रेखून प्रत्येक नाटकास त्याचा स्वभाव अक्षरांतून देणारे कमल शेडगे २०२० साली गेले. मोडीचे वळण आणि देवनागरीचे वळण यांचा मेळ घालणारे सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. 'मुक्त' आणि 'बालू' यांसारखे नवे मराठी टंक तर मुंबईच्या तरुण मंडळींनी सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. शाळेची पत्रके व निमंत्रणे छापताना त्यांचा उपयोग करण्यास कोणतीच हरकत नाही.

येथे एका गोष्टीकडे शिक्षकांचे लक्ष वेधतो. मराठीतील ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, असे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये प्रमाण ठरविले आहे. संगणकावरील पुष्कळ टंक हिंदी वळणाचे ल आणि श देतात. परिणामी मूल पुस्तकात एक ल पाहते, भिंतीवर दुसरा पाहते आणि फळ्यावर गुरुजींच्या हातचा तिसरा पाहते. मोठ्या माणसास यात काही वाटत नाही. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या मुलास मात्र ही तीन वेगळी अक्षरे वाटतात. शाळेसाठी फलक करून घेताना रंगाऱ्यास हे आवर्जून सांगावे लागते. तो आपण होऊन विचारणार नाही.

आता खुणेचा पाठ. खूण म्हणजे न वाचता कळणारे अक्षर. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांस अक्षरओळख नव्हती, तेव्हा पक्षांना चिन्हे देऊन तो प्रश्न सोडविण्यात आला. मतदान यंत्रे आली तरी चिन्हे राहिली. रुपयाचे जे चिन्ह आपण आज नोटेवर पाहतो ते पवईच्या आयआयटीतील उदयकुमार या संशोधक विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी केलेले होते. १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारले गेले. देवनागरी र घ्यावा, त्यातूनच रोमन आर दिसावा आणि वर दोन आडव्या रेषा याव्यात, एवढीच ती योजना. स्वच्छ भारत अभियानाचे महात्माजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केले. त्यात चेहरा नाही, काठी नाही, केवळ चष्मा आहे, आणि तरीही तो कोणाचा हे तिसरीतील मूलही सांगते. काय काढावयाचे यापेक्षा काय गाळावयाचे हे ठरविणे या विद्येत अवघड असते, असे त्या मुलीने मला सांगितले, आणि ते मला पटले.

रंगही खूण होतो. जालना हे बियाण्यांचे गाव, तेव्हा उदाहरण शेतातलेच घेऊ. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्यास पांढरी आणि पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी. आपल्या शाळेतील पाचवी-सहावीची मुले पेरणीच्या दिवसांत या चिठ्ठ्या घरी हाताळतात. त्यांतील रंगांचा अर्थ त्यांस विचारून पाहावा.

याहून गंभीर खूण कीटकनाशकाच्या बाटलीवर असते. एका टोकावर उभा केलेला चौकोन, त्याचे आडवे दोन भाग. वरच्या भागात इशारा आणि खालच्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, आणि त्यावर कवटी व हाडे. पिवळा म्हणजे तीव्र विषारी. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे सौम्य. १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम यांनुसार ही खूण आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यास कारणे अनेक होती आणि सारा दोष वेष्टनावर ठेवता येणार नाही. परंतु माझ्या पाहण्यात असे आले आहे की, गावातील पुष्कळ माणसे हिरव्या खुणेचा अर्थ "पिकास चांगले" किंवा "सुरक्षित" असा करतात. हिरवा म्हणजे चालू द्या, हे आपण त्यांना रस्त्यावरील दिव्यात शिकविले. मग बाटलीवर त्यांनी निराळा अर्थ का करावा? खूण करणाऱ्याने ज्या जगात खूण जाणार त्या जगातील इतर खुणांचाही विचार केला पाहिजे, हा धडा यातून निघतो. बाटलीवरील हिरवा रंगही विषाचाच आहे, हे सांगण्याचे काम मात्र आज आपल्यावर येऊन पडले आहे.

रंगाची आणखी एक अडचण आहे. काही व्यक्तींस, विशेषतः पुरुषांत, लाल, हिरवा व तपकिरी या रंगांतील भेद दिसत नाही. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका व मांसाहारासाठी तपकिरी ठिपका अशी खूण असे. अशा व्यक्तीस हे दोन्ही ठिपके सारखेच दिसत. म्हणून २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहाराची खूण बदलून चौकोनातील तपकिरी त्रिकोण अशी करण्यात आली. आता रंग कळला नाही तरी आकार सांगतो. वर्गातील एखादे मूल नकाशात रंग भरताना वारंवार चुकत असेल तर त्यास निष्काळजी ठरविण्यापूर्वी या शक्यतेचा विचार करावा. मी स्वतः शिक्षक असताना एका मुलास यासाठी दोनदा बाकावर उभे केले होते. नंतर तो सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीच्या कारणाने परत आला, तेव्हा मला कळले.

फाईलीतील ज्या एका कामासाठी हा सारा लेख मी लिहावयास घेतला, ते काम आता सांगतो. तिसऱ्या वर्षास विद्यार्थ्यांना असा प्रकल्प दिलेला होता की, आपल्या परिसरातील एखादा धोका निवडून त्याची सूचना शब्दांवाचून द्यावी. बहुतेकांनी भरधाव वाहन, मोबाईल, प्लास्टिक असे विषय घेतले. हिने वडिलांचे काम घेतले. जालन्यातील पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड भट्टीत वितळवून सळया करतात. त्या भंगारात तोंड बंद असलेला डबा, नळी किंवा टाकी आली आणि ती तशीच वितळत्या लोखंडात पडली, तर आतील हवा वा पाणी एकदम फुगून स्फोट होतो व तप्त रस उसळून माणसांवर येतो. भंगार निवडणाऱ्याने बंद वस्तू बाजूस काढावी किंवा कापून उघडी करावी, एवढी ती सूचना आहे. निवडणाऱ्यांत मराठी, हिंदी, उडिया, भोजपुरी असे सर्व भाषांचे लोक, आणि काहींस कोणतीच लिपी येत नाही.

कारखान्यांतील सुरक्षा खुणांचे ठरलेले संकेत तिला वर्गात शिकविलेले होतेच. मनाई असेल तर लाल वर्तुळ व तिरपी रेघ, धोक्याची जाणीव असेल तर पिवळा त्रिकोण, एखादी गोष्ट केलीच पाहिजे असेल तर निळे वर्तुळ, सुटकेची वाट असेल तर हिरवा चौकोन. तिने लाल वर्तुळात झाकण लावलेला एक डबा काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. काम अतिशय सुबक होते. मी पाहिलेल्या पृष्ठांत रेखाटनाच्या दृष्टीने ते सर्वोत्तम होते. प्राध्यापकांनी तिला विचारले, "हे कोणाला दाखविलेस?" दाखविले कोणालाच नव्हते. म्हणून ती तो कागद घेऊन घरी आली आणि वस्तीतील दहा-बारा कामगारांना, हे काय सांगते, एवढेच विचारले. सात-आठ जणांनी एकच उत्तर दिले : "जेवणाचा डबा आत न्यायचा नाही."

हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण क्षणभर विचार केला तर हसू राहत नाही. ती खूण तशीच लागली असती तर माणसांनी भाकरीचा डबा बाहेर ठेविला असता आणि बंद टाकी भट्टीत टाकली असती.

दुसऱ्या खेपेस तिने दोन चित्रे शेजारी शेजारी काढली. डावीकडे बंद डबा भट्टीत पडून उडालेला रस, उजवीकडे कापून उघडलेला डबा व शांत भट्टी. हे बहुतेकांना समजले. एका वयस्क कामगाराने मात्र नेमका उलटा अर्थ लावला : आधी उघडा डबा टाकला, मग स्फोट झाला. तिला काही कळेना. वडिलांनी उलगडा केला. ते गृहस्थ उर्दू शाळेत शिकलेले. त्यांची नजर उजवीकडून डावीकडे जाते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथे उर्दू शिक्षणाची परंपरा आजही आहे, ही गोष्ट आपण इतिहासाच्या तासाला सांगतो. ती कधी एका फलकाच्या आड येईल असे माझ्या मनात आले नसते. तिसऱ्या खेपेस तिने चित्रे एकाखाली एक मांडली. वरून खाली सर्वच लिपींत वाचतात. डब्याऐवजी तिने भंगारात खरोखर येणारी वाहनाची बंद नळी व लहान टाकी काढली. स्फोटाच्या चित्रावर लाल फुली व कापलेल्या टाकीच्या चित्रावर हिरवी बरोबरची खूण दिली. रंग न दिसला तरी आकृती बोलावी म्हणून.

हे तिसरे चित्र पहिल्याइतके देखणे नाही. वडिलांनी ते एका पुठ्ठ्यावर चिकटवून मुकादमाला दाखविले आणि भंगाराच्या ढिगाजवळच्या खांबाला बांधले. धुराने ते काळवंडले तेव्हा तिने पत्र्यावर पुन्हा रंगवून दिले.

छपाईच्या पाठाविषयी फार लिहीत नाही, कारण त्यातील यंत्रे आपल्यापाशी नाहीत. एक प्रयोग मात्र कोणत्याही शाळेत होण्यासारखा आहे. विज्ञानपेटीतील भिंग घेऊन बियाण्याच्या रंगीत पाकिटाकडे किंवा वर्तमानपत्रातील रंगीत चित्राकडे पाहावे. कपाशीचे हिरवे पान हिरवे नसते. निळसर व पिवळे ठिपके शेजारी शेजारी पडलेले असतात आणि हिरवा रंग आपल्या डोळ्यात तयार होतो. निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या चार शाईंत सारे जग छापले जाते. ज्या दिवशी हे ठसे किंचित सरकतात त्या दिवशी वर्तमानपत्रातील पुढाऱ्यास दोन मिशा दिसतात, आणि मुलांना हा प्रयोग त्यामुळे विशेष आवडतो.

आता आपल्या शाळेत काय करता येईल? प्रथम फळा. खेड्यातील मूल रोज सर्वांत अधिक काळ जी मांडणी पाहते ती गुरुजींच्या फळ्याची. अक्षराच्या उंचीचा साधारण अंदाज असा धरतात की, वाचणारा जितका दूर त्याच्या एकशेविसाव्या भागाइतके अक्षर असावे. म्हणजे शेवटचे मूल ६ मीटरवर बसत असेल तर अक्षर निदान ५ सेंटीमीटर उंच हवे. आपण पट्टी घेऊन फळ्यावरील अक्षर एकदा मोजून पाहावे. माझ्या भेटींत ते बहुधा तीनच्या आसपास निघते आणि तासाच्या अखेरीस, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, दोनवर येते. मागच्या बाकावरील मुलाचे लक्ष नसते अशी आपली तक्रार असते. त्याला दिसत नसते, हेही एक कारण असू शकेल.

दुसरी गोष्ट भिंतींची. बोलक्या भिंतींच्या नावाखाली आपण शाळा रंगवून घेतल्या. हेतू चांगलाच होता. परंतु एका भिंतीवर पाढे, महिने, फळे, राष्ट्रपुरुष, वाहतुकीचे नियम व सुविचार हे सारे एकदम बोलू लागले तर बाजाराच्या दिवसासारखा गलका होतो आणि कोणाचेच ऐकू येत नाही. एक भिंत, एक विषय, भोवती मोकळी जागा, आणि मजकूर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आपल्या नव्हे. पहिलीच्या वर्गातील बाराखडी छताजवळ रंगविलेली मी पाहिली आहे. ती वाचण्यास मुलास मान मोडावी लागते. रंगविणाऱ्याने शिडी आणली होती म्हणून ती तेथे गेली, याखेरीज दुसरे कारण मला दिसले नाही.

मुलांस द्यावयाचे उपक्रम खर्चाचे नाहीत. जुन्या वर्तमानपत्रातील मथळ्यांची अक्षरे कापून त्यांतून आपले नाव जुळवावे. ती अक्षरे शिरोरेषेत बसविताना मूल अंतर शिकते. भेंडीच्या व बटाट्याच्या ठशांनी काठ छापावा. शाळेतील पाण्याच्या टाकीजवळ, शौचालयापाशी, गेटजवळ कोणती सूचना हवी हे मुलांनीच ठरवावे, शब्दांवाचून काढावी आणि मग पहिलीच्या मुलास दाखवून, "हे काय सांगते?" असे विचारावे. काढणाऱ्याने त्या वेळी काही बोलू नये, हा नियम कडक पाळावा. पहिलीच्या मुलाने चुकीचा अर्थ सांगितला तर चित्र बदलावयाचे असते, मुलाला दटावावयाचे नसते.

ज्या मुलास यात विशेष गती दिसेल त्याच्या पालकांस पुढील वाट सांगावी. माध्यमिक शाळेत गेल्यावर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देता येतात. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांबरोबर कर्तव्यभूमिती व अक्षरलेखनही असते. दहावीच्या वाढीव गुणांसाठी म्हणून पुष्कळ मुले या परीक्षांस बसतात; त्यास माझा आक्षेप नाही, पण अक्षरलेखनाचा भाग केवळ पाठ करून घेतला जातो याचे वाईट वाटते. बारावीनंतर राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांच्या पदवीस जाता येते, व शासकीय महाविद्यालये मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत. जालन्याहून संभाजीनगर किती जवळ, हे पालकांस सांगितले म्हणजे मुलीस पाठविण्याची त्यांची भीती पुष्कळ कमी होते, असा अनुभव आहे. छपाई, बियाण्यांची व खाद्यपदार्थांची वेष्टने, प्रकाशन, संगणकावरील कामे यांत अशा शिक्षितांस काम मिळते. मात्र पगाराच्या मोठ्या गोष्टी पालकांस सांगू नयेत. सुरुवातीची वर्षे या क्षेत्रातही कष्टाचीच असतात.

येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेच्या दर्शनी फलकाचे व आपल्या वर्गातील फळ्याचे, तास संपतेवेळचे, असे दोन फोटो आणावेत. ते समोर लावून, मागच्या रांगेत बसून आपण सर्वांनी मिळून वाचून पाहू. फळा पुसून, नव्याने लिहून घेतलेला फोटो आणू नये.